टोस्टर ओव्हनमध्ये अंडे-चीज बेगल: आधी अंडे, मग बेगल

न्यू जर्सीत नुकत्याच शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. त्याच्या भाड्याच्या खोलीत शेगडी नाही, १५०० वॉटचा एक टोस्टर ओव्हन, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा लहान ओव्हन, तेवढा आहे. बेगल म्हणजे मधे भोक असलेला, कड्यासारखा गोल पाव; दुकानात न्याहारीला मिळतो तसा अंडे आणि चीज घातलेला बेगल तो, भोकात अंडे फोडून सगळे एकदम ओव्हनमध्ये ठेवून, करू पाहतो. परंतु बेगलची पाठ, म्हणजे बाहेरचे कवच, दगडासारखी कडक होते, मधल्या भोकातून अंडे गळते किंवा शिजलेच तर रबरासारखे होते, आणि चीज एक तर वितळत नाही किंवा वाहून ट्रेवर जळते. शिवाय हे सँडविच बांधून घेऊन चाळीस मिनिटांनी कॉलेजात पोहोचल्यावर खाता येईल का, असेही त्याने विचारले आहे. मी न्यू जर्सीतल्याच एका लहान न्याहारीच्या दुकानात १४ वर्षे सकाळची पाळी सांभाळली आणि आजही घरी आठवड्यातून दोन-तीनदा हे सँडविच टोस्टर ओव्हनमध्येच करते, म्हणून त्यालाच उद्देशून जरा विस्ताराने लिहिते.

तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. अंड्याला मंद आच लागते, बेगलला कडक आच लागते, आणि तुम्ही दोन्ही एकाच वेळी एकाच आचेवर ठेवत आहात. दुकानात अंडे सपाट तव्यावर होते आणि बेगल वेगळ्या टोस्टरमधून निघतो, त्यामुळे हा पेच तिथे पडतच नाही. तुमच्याकडे एकच ओव्हन आहे, तेव्हा हीच कामे एकामागून एक करायची: आधी मंद आचेवर अंडे, मग आच वाढवून बेगल, आणि अगदी शेवटी चीज. ओव्हन तापण्यापासून पहिल्या घासापर्यंत साधारण पंचवीस मिनिटे लागतात. त्यातली पंधरा मिनिटे ओव्हन आपले काम करत असतो आणि तुम्ही आंघोळ उरकू शकता.

बेगल साध्या पावासारखा का वागत नाही, हे आधी पाहू. हा पदार्थ पोलंडमधल्या ज्यू वस्त्यांतून अमेरिकेत आला. क्राकूवच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. ज्यात प्रथिनांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास असते असा मैदा घट्ट मळून त्याची कडी वळतात, ती रात्रभर थंडीत सावकाश फुगू देतात, आणि भट्टीत घालण्यापूर्वी मिनिटभर उकळत्या पाण्यात सोडतात. न्यू यॉर्ककडे या पाण्यात बार्लीच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, पाक घालतात, माँट्रियलमध्ये मध घालतात. उकळत्या पाण्यात पिठाच्या बाहेरच्या थरातला स्टार्च शिजून खळीसारखा चिकट होतो आणि भट्टीत गेल्यावर त्याचीच ती चकचकीत, चिवट पाठ बनते. म्हणजे तुमच्या हातात येईपर्यंत ही पाठ एकदा उकळलेली आणि एकदा भाजलेली असते. तिला तिसऱ्यांदा कडक आच दिली की तिच्यात उरलेले थोडेसे पाणीही निघून जाते आणि ती दाताखाली काठीसारखी लागते. म्हणून बेगल टोस्ट करायचा म्हणजे त्याची फक्त कापलेली बाजू भाजायची. पुष्कळ टोस्टर ओव्हनवर बेगलसाठी वेगळे बटण असते, तेही याचसाठी: त्यात वरचे रॉड जोरात तापतात आणि खालचे मंद राहतात. तुमच्या ओव्हनवर ते नसेल तर वरून आच देणारे ब्रॉइलचे बटण वापरा.

बेगल आणण्याबद्दल आणि ठेवण्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे तो फ्रिजच्या साध्या कप्प्यात कधीही ठेवू नका. पावातला स्टार्च पुन्हा घट्ट होत जाणे, म्हणजेच पाव शिळा होणे, फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होते. त्यापेक्षा तो ओट्यावर बरा राहतो. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर आणल्या दिवशीच आडवा कापून, दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांवर ठेवून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेला अखंड बेगल सुरीने कापू जाणे हा हात कापून घेण्याचा हमखास मार्ग आहे, आणि सकाळच्या घाईत तर तो धोका पत्करूच नये. कापताना बेगल फळीवर आडवा ठेवून वर तळहात सपाट दाबा, बोटे वर उचललेली ठेवा आणि दात्यांची सुरी फळीला समांतर फिरवा. उभा धरून वरून खाली कापू नका. दुसरी गोष्ट खर्चाची आहे: नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये बेगल घेतलात तर अखंडच मागा, कारण तिथे दुकानाने कापून किंवा लोणी-चीज लावून दिलेल्या बेगलवर विक्रीकर लागतो, घरी न्यायच्या अखंड बेगलवर लागत नाही.

सुपरमार्केटच्या पाकिटातले बेगल चालतात का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. चालतात, पण त्यांची जात वेगळी असते हे लक्षात ठेवा. कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या लेंडर कुटुंबाने गोठवलेले बेगल देशभर पोहोचवले आणि १९६० च्या दशकात बेगल वळणारी यंत्रे आली; तेव्हापासून कारखान्यातला बेगल मऊ होत गेला. बऱ्याच कारखान्यांत त्याला पाण्यात उकळण्याऐवजी नुसती वाफ देतात, त्यामुळे पाठ पातळ राहते आणि तो लवकर भाजला जातो. खाली मी दिलेल्या वेळांतून अशा बेगलसाठी एक मिनिट कमी करा. माझ्या मते या सँडविचसाठी दुकानातला कालचा बेगल सर्वांत उत्तम. ताजा, अजून कोमट असलेला बेगल भाजूच नये. तो तसाच लोणी लावून खावा.

आता अंडे. सगळी कसोटी इथेच आहे.

बेगलच्या भोकात अंडे फोडून सगळे एकदम ओव्हनमध्ये ठेवण्याची जी पद्धत तुम्ही करून पाहिलीत, ती दिसायला सुंदर आहे पण हिशेबाला चुकते. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंश सेल्सियसच्या आसपास जमू लागतो आणि पूर्ण घट्ट व्हायला ८० अंशांपर्यंत जावे लागते. पिवळा ६५ ते ७० च्या दरम्यान घट्ट होतो. भोकातले अंडे चहूबाजूंनी पावाने वेढलेले असते आणि पाव उष्णता सावकाश पुढे सरकवतो, त्यामुळे त्या अंड्याचा मध्य शिजेपर्यंत पंधरा मिनिटे सहज जातात. तोवर बेगलचे बाहेरचे अंग वाळून गेलेले असते. आच वाढवली तर अंड्याची वरची बाजू कातडीसारखी होते आणि आत पाणी सुटते. अंडे वेगळेच करायला हवे.

त्यासाठी घरातली सपाट तळाची स्टीलची वाटी घ्या, तोंड साधारण १० सेंटीमीटर असलेली. आपल्याकडे आमटीला घेतो तसल्या गोल तळाच्या वाटीत अंडे मधे जाड आणि कडेला पातळ होते, म्हणून तळ सपाट हवा. स्टील पातळ असल्यामुळे लगेच तापते. चिनी मातीच्या वाटीला तीन-चार मिनिटे जास्त द्यावी लागतात. काचेचे भांडे मात्र वापरू नका. माझ्याकडे एकदा थंड काचेचे भांडे थेट तापलेल्या रॉडखाली ठेवल्याने तडकून त्याचे तुकडे ओव्हनभर झाले होते, आणि एवढ्या लहान जागेतून ते वेचणे फार कठीण असते. वाटीला आतून बोटाने लोणी फासा, कडेलाही फासा, आणि तळाच्या मापाची बेकिंग पेपरची चकती कापून बसवा. स्टीलला अंडे घट्ट चिकटते, नुसत्या लोण्याने ते नेहमी सुटतेच असे नाही. चकती वाटीबाहेर डोकावता कामा नये, कारण हा कागद साधारण २२० अंश सेल्सियसपर्यंतच टिकतो आणि रॉडला लागला तर पेटतो.

दोन अंडी, एक मोठा चमचा दूध आणि दोन चिमटी मीठ काट्याने फेटा. फेटताना फेस काढायचा नाही, फक्त पांढरे आणि पिवळे एकजीव करायचे. फेसातली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि नंतर अंडे खाली बसून सुरकुतते. दुधातले पाणी आणि स्निग्धांश प्रथिनांच्या मधे शिरतात, म्हणून अंडे मऊ जमते. यापेक्षा जास्त दूध घालू नका, नाहीतर शिजलेल्या अंड्याची चकती उचलताना मोडते. दोन अंड्यांची चकती सव्वा सेंटीमीटरच्या आसपास जाड होते आणि बेगलच्या घासात बरोबर बसते. एका अंड्याची फार पातळ होते आणि लवकर सुकते.

ओव्हन बेकवर, म्हणजे वरखाली दोन्ही आच, ३२५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १६५ सेल्सियसवर पाच मिनिटे तापवा. जाळी मधल्या खाचेत किंवा तिच्या एक खाच खाली लावा. वाटीवर फॉइलचा तुकडा सैल ठेवून कडा खाली दाबा. लहान ओव्हनमध्ये वरचा रॉड वाटीपासून चार बोटांवर असतो आणि उघडे अंडे वरून आधी करपते. बारा ते चौदा मिनिटे द्या. दहाव्या मिनिटाला एकदाच दार उघडून पाहा, कारण या लहान डब्यातली गरम हवा प्रत्येक वेळी दार उघडताच निघून जाते. वाटी चिमट्याने हलकेच हलवा. कडा स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग नुकत्याच लागलेल्या दह्यासारखा थरथरत असेल, तर बाहेर काढायची वेळ झाली. संपूर्ण पृष्ठभाग पाण्यासारखा डुलत असेल तर अजून दोन मिनिटे द्या. संपूर्ण स्थिर असून फुगू लागले असेल तर थोडा उशीर झाला आहे, तरी लगेच काढा. बाहेर आल्यावरही वाटीच्या गरमीने अंडे शिजत राहते आणि तो थरथरता भाग दोन मिनिटांत आपोआप जमतो. अमेरिकी सरकारचा सल्ला अंड्याच्या पदार्थाचा मध्य ७१ अंश सेल्सियसला, म्हणजे १६० फॅरनहाइटला, पोहोचावा असा आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सुरुवातीला दोन-तीनदा त्याने खात्री करून घ्या, मग डोळ्यांना अंदाज येतो.

अंड्यात कांदा-मिरची-कोथिंबीर घालायची इच्छा होणारच, आणि ती चवही बेगलला छान लागते. फक्त कच्चा कांदा थेट अंड्यात टाकू नका. तव्यावरच्या आम्लेटात त्याचे पाणी उडून जाते, इथल्या मंद आचेत ते अंड्यातच उतरते. बारीक चिरलेला कांदा आधी त्याच वाटीत थोड्या लोण्याबरोबर, ओव्हन तापत असताना पाच-सहा मिनिटे ठेवा. तो मऊ झाला की त्यावर फेटलेले अंडे ओता. मिरची आणि कोथिंबीर कच्ची चालते.

वाटी बाहेर काढली, फॉइल तशीच वर राहू दिली, की बेगलकडे वळायचे. ओव्हन आता बेगलच्या बटणावर किंवा ब्रॉइलवर टाका, जाळी वर घ्या, पण कापलेली बाजू रॉडपासून दोन-अडीच इंच दूर राहील एवढीच. दोन मिनिटे रिकामा तापू द्या, कारण रॉड लालभडक झाल्यावर भाजणे झपाट्याने होते आणि आतला मऊ भाग सुकण्याआधीच वरचा पापुद्रा खमंग होतो. थंड ओव्हनमध्ये ठेवलेला बेगल हळूहळू वाळत जातो, भाजला जात नाही. तुमची पाठ दगड होण्याचे दुसरे कारण हेच असावे.

दोन्ही अर्धे कापलेली बाजू वर करून ठेवा. इथे एक बारकावा आहे. वरचा अर्धा भाग घुमटासारखा असतो, म्हणून पालथा ठेवल्यावर त्याची कापलेली बाजू उंच येते, रॉडच्या जवळ जाते आणि आधी करपते. बहुतेक टोस्टर ओव्हन दाराच्या बाजूला, काचेमुळे, थोडे कमी तापतात. म्हणून घुमटाचा भाग पुढे दाराकडे आणि सपाट भाग मागे ठेवा, म्हणजे दोन्ही बरोबरीने रंगतात. तीन ते चार मिनिटे पुरतात. या वेळी मात्र जागचे हलू नका. सोनेरी ते काळा हा प्रवास चाळीस सेकंदांचा असतो. फ्रीझरमधून काढलेला बेगल असेल तर अंड्याची शेवटची चार मिनिटे तोही खालच्या जाळीवर ठेवून द्या, दोन्ही अर्धे मिटलेले असू द्या, म्हणजे त्याची गोठण निघून जाईल आणि कापलेली बाजू सुकणार नाही. अगदी शिळा, कडक झालेला बेगल असेल तर अखंड असतानाच तो नळाखाली क्षणभर भिजवा आणि १७५ अंश सेल्सियसवर पाच मिनिटे ठेवा. स्टार्च ६० अंशांच्या वर गेला की पुन्हा मऊ पडतो, आणि वरच्या पाण्याने पाठीला वाफ मिळते. मग जरा निवला की कापून भाजा.

चीज कोणते घ्यावे याबद्दल माझे मत ठाम आहे: या सँडविचला अमेरिकन चीजची स्लाइसच हवी. त्यात पायसीकारक क्षार, म्हणजे पाणी आणि स्निग्धांश एकत्र धरून ठेवणारे क्षार, घातलेले असतात, त्यामुळे ते वितळले तरी त्यातले तूप वेगळे होत नाही. पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या प्रोसेस्ड चीजच्या स्लाइसही याच जातीच्या आहेत आणि तिथे ओटीजीत, म्हणजे तिकडच्या अशाच लहान ओव्हनमध्ये, हे सँडविच करणाऱ्यांनी त्या खुशाल वापराव्यात. जुने, मुरलेले चेडार चवीला कितीतरी सरस असते, पण रॉडखाली ते फाटते, तेल सोडते, आणि तेच तेल तुमच्या ट्रेवर जळते. चेडारच हवे असेल तर कमी मुरलेले घ्या आणि किसून घाला. पनीर आम्लाने फाडलेले असल्यामुळे कितीही तापवले तरी वितळत नाही.

दोन स्लाइस घ्या. पहिली बेगलच्या खालच्या भागावर, भोक झाकले जाईल अशी ठेवा. चौकोनी स्लाइसचे कोपरे बाहेर लोंबत असतील तर ते मोडून मधे भोकावर ठेवा. लोंबते कोपरेच वाहून जळतात. तिच्यावर वाटी उलटी करून अंड्याची चकती सोडा, कागद सोलून काढा, आणि दुसरी स्लाइस अंड्यावर ठेवा. आता हा एकच भाग ओव्हनमध्ये परत जातो. ओव्हन बंद केलेला असला तरी आतली गरमी पुरते. दार मिटून दीड मिनिट थांबा. चीजच्या कडा मऊ पडून अंड्यावर ओघळू लागल्या की बाहेर काढा. खालची स्लाइस वितळून भोक बुजवते, म्हणून घास घेताना काहीही खाली गळत नाही. मीठ, मिरपूड आणि केचप ही न्यू यॉर्कच्या कोपऱ्यावरच्या दुकानांतली ठरलेली जोडणी आहे आणि गिऱ्हाईक ती एका दमात सांगते. केचप अंड्यावरच्या चीजला लावा, भाजलेल्या बाजूला नको, ती भिजते. घुमटाचा भाग वर ठेवा आणि तळहाताने हलकेच दाबा.

यानंतर लगेच खाऊ नका. सँडविच फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि दोन मिनिटे तसेच राहू द्या. आमच्या दुकानात नव्या मुलांना मी सर्वांत आधी हे शिकवायची. अंड्यातून निघणारी वाफ आतच कोंडली जाते, ती बेगलच्या पाठीत शिरते आणि पाठ मऊ, चिवट होते. भाजलेली बाजू चीजच्या थरामुळे शाबूत राहते. तुम्हाला दुकानातला बेगल वेगळा का लागतो याचे अर्धे उत्तर त्या फॉइलमध्ये आहे.

मांस घालणाऱ्यांसाठी थोडक्यात: बेकन या ओव्हनमध्ये होते, ४०० अंश फॅरनहाइटवर बारा ते पंधरा मिनिटांत, पण उंच कडांच्या ट्रेमध्येच आणि रॉडपासून दूर, कारण उडालेली चरबी रॉडवर पेटते. न्यू जर्सीची खासियत असलेल्या पोर्क रोल या डुकराच्या मांसाच्या तयार रोलच्या, म्हणजेच राज्याच्या उत्तरेकडे ज्याला टेलर हॅम म्हणतात त्याच्या, चकत्यांना कडेने चार चिरा द्या, नाहीतर त्या वाटीसारख्या वर उचलल्या जातात. टोमॅटो घालायचा तर चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटे कागदावर निथळू द्या.

विजेबद्दल एक सूचना द्यायलाच हवी. तुमचा ओव्हन १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो आणि खोलीतली सगळी सॉकेट्स ज्या एका वायरीवर असतात ती सहसा १५ किंवा २० अँपिअरची असते. त्याच वेळी चहाचे पाणी विजेच्या किटलीत ठेवलेत तर ब्रेकर पडेल आणि अंडे अर्धे कच्चे राहील. चहा अंड्याआधी करून थर्मासमध्ये ठेवा. ओव्हन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला लावू नका, आणि तळाचा तुकड्यांचा ट्रे दर दोन-तीन दिवसांनी झटका. बेगलवरचे तीळ आणि खसखस तिथेच साठतात आणि पहिला धूर त्यांचाच निघतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बांधून नेण्याचा. चाळीस मिनिटांत काहीही बिघडत नाही. शिजवलेले अंडे सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर तासाच्या आत खावे. न्यायच्या दिवशी बेगल अर्धे मिनिट जास्त भाजा, टोमॅटो घालू नका, केचपची पुडी वेगळी घ्या, आणि अंडे वाटीतून काढल्यावर मिनिटभर कागदावर ठेवून त्याचे पाणी टिपून घ्या. आधी फॉइल, त्यावर कागदाची पिशवी, आणि वर एखादा रुमाल गुंडाळलात तर ते कोमट राहते. रविवारी चार-पाच वाट्या अंडे करून फ्रिजमध्ये ठेवलेत तर तीन दिवस चालते, फक्त चीज लावण्यापूर्वी ते ओव्हनमध्ये झाकून वाफ दिसेपर्यंत गरम करा. कॉलेजात मायक्रोवेव्ह असेल तर वीस सेकंद पुरेत, त्यापुढे बेगल चामड्यासारखा होतो. आणि आत ठेवण्यापूर्वी फॉइल पूर्ण काढून ठेवा.